पानांवर घातलेलं पाणी

टोमॅटोची पानं आकसायला लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी पावणेसहाला, मी रतनबाईंना माझ्या वाफ्यात वाकलेलं पाहिलं. त्यांच्या कामाची वेळ साडेआठची. फाटक वाजलं नव्हतं, म्हणजे त्या मागच्या कुंपणाच्या फटीतून आल्या होत्या. हातात पत्र्याचा डबा होता आणि त्यातलं काहीतरी त्या एकेका झाडावर ओतत होत्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा थोडा बाजूला केला, सोडला, पुन्हा बाजूला केला. दार उघडून "काय करताय?" एवढं विचारायचं होतं. मी विचारलं नाही. त्या गेल्यावर मात्र वाफ्यात जाऊन माती हुंगून पाहिली. मातीला मातीचाच वास होता, आणि त्यानं माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

मी राहुरीच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर गावाच्या कडेला, उसाच्या शेतांना लागून असलेल्या कॉलनीत घर बांधलं आणि मागच्या अर्ध्या गुंठ्यात भाजीपाला करायचं ठरवलं. मातीत हात घालायची सवय नव्हती, म्हणून आधी पुस्तकं आणून वाचली आणि कामाचं तेवढं ग्रंथालयातल्या कोऱ्या कार्डांवर उतरवून घेतलं. भाजीला रोज सहा तास ऊन हवं. वाफा वीतभर उंच करावा, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. झाडाला खत घालण्याआधी मातीला शेणखत घालावं. पाणी सकाळी द्यावं आणि मुळाशीच द्यावं. पानं भिजवली की बुरशी येते. उघडी माती पाचटानं झाकावी. आपल्याकडचा हिवाळा सौम्य, हिम पडायची भीती नाही, तेव्हा सगळं एकदम न लावता दर पंधरवड्याला थोडं थोडं लावत जावं.

"रोपांना वाचून दाखवता का हो ही कार्डं?" सत्यशीला, माझी बायको, विचारायची.

तिनं कितीही चेष्टा केली तरी दसऱ्यापर्यंत वाफा चांगला होता. टोमॅटोला फुलं होती, भेंडी निघत होती, वांगी धरली होती. हे माझ्या हातून झालं यावर माझाच विश्वास बसत नव्हता. मी दिवसातून चारदा जाऊन बघायचो.

रतनबाई शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पत्र्याच्या खोलीत राहायच्या. मूळच्या पाथर्डीकडच्या. त्या आणि त्यांचे यजमान छगन दरवर्षी ऊसतोडीला जायचे. गेल्या वर्षी प्लॉटच्या मालकानं बांधकामाच्या सामानावर राखणीला ठेवलं म्हणून ते थांबले आणि त्यांच्या मुलीचं, मोनिकाचं, नववीचं वर्ष पहिल्यांदा एका शाळेत सलग पार पडलं. आता ते बांधकाम बंद पडलं होतं. रतनबाई आठवड्यातून तीन दिवस आमचं अंगण झाडायच्या आणि वाफ्यातलं गवत काढायच्या.

त्यांना झाडांचं कळत होतं, हे मला मान्य करायला जड जात होतं. एकदा वाफ्याच्या कडेनं त्यांनी परस्पर लसूण टोचला, कोपऱ्यात गवती चहाचं ठोंब लावलं आणि मग सांगितलं, "लसूण लावलाय सर, किडं लांब ऱ्हात्यात." आधी विचारायला हवं होतं, असं मला वाटलं. पण मी फक्त "बरं" म्हणालो.

त्याच सुमाराला कॉलनीच्या कमिटीनं दत्तमंदिरापुढच्या मोकळ्या जागेत बाग करायचं ठरवलं. बागेवर कायमचं माणूस ठेवायचं आणि त्याला बोअरच्या शेजारची खोली राहायला द्यायची. रतनबाईंनी ही गोष्ट सत्यशीलाला तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली. ते काम मिळालं तर टोळीबरोबर जायचं नव्हतं आणि मोनिकाची दहावी राहुरीतच होणार होती. नाही मिळालं तर कारखाने सुरू होण्याआधी निघायचं होतं, मुलीला घेऊन.

दसऱ्यानंतर टोमॅटोवर पांढरी माशी दिसली. कार्डावर उपाय होता निंबोळी अर्काचा. माझ्याकडे फवारणीचा पंप नव्हता. आमच्या मागचा ऊस ज्याचा, त्या कल्याणला फोन केला. तो कुठंतरी मोटारसायकलवर होता. "शेडमध्ये टांगलाय, न्या की सर. विचारताय काय!" म्हणाला. मी पंप आणला, पाण्यानं विसळला, अर्क मारला आणि परत नेऊन टांगला. ही झाली गुरुवारची गोष्ट. रविवारी टोमॅटोचे शेंडे खाली वळले, पानं चिंचोळी होऊन पिळली गेली. भेंडी आणि वांग्याचंही तसंच. पुस्तकांत पानं आकसण्याचे रोग सात-आठ प्रकारचे होते, पण तीन वेगवेगळ्या भाज्यांना एकाच दिवशी होणारा एकही नव्हता. मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझंच वाचण्यात काही चुकत असेल म्हणून सत्यशीलाकडूनही वाचून घेतलं.

आणि सोमवारी पहाटे ते डब्याचं दृश्य.

एकदा संशय आला की नजर कशी चालते ते मी त्या आठवड्यात पाहिलं. लसणाची पात सरळ होती, गवती चहा हिरवागार होता. म्हणजे मी लावलेलं सगळं वाकडं झालं होतं आणि रतनबाईंनी लावलेलं तेवढं शाबूत होतं. मंगळवारी पहाटे त्या पुन्हा आल्या. बुधवारीही. टोमॅटोच्या मुळाजवळची थोडी माती उकरलेली दिसली, जणू काही पुरलं होतं किंवा काढून नेलं होतं. मी सगळ्याच्या वेळा एका कार्डावर लिहून ठेवल्या.

बुधवारी सत्यशीलानं आधीच तोडून ठेवलेल्या थोड्या भेंड्या रतनबाईंना देऊ केल्या. त्यांनी हात मागे घेतला.

"नको काकू. आन् तुमीबी खाऊ नका ही भाजी. पंधरा दिस तरी नका खाऊ."

"का गं? काय झालं भाजीला?"

"आसंच," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून वळल्या.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "ऐकलंस? हिला कसं माहीत, भाजी खाण्यासारखी नाही ते?"

"अहो, झाडांची दशा मलाही दिसतेय. त्यात काय एवढं माहीत असायचं?"

"पंधरा दिवस म्हणाली. नेमके पंधरा."

"बरं मग, तिनं काहीतरी केलं म्हणता. कशासाठी करावं?"

यावरही मी विचार करून ठेवला होता. "कॉलनीत सगळ्यांना दिसलं पाहिजे की पुस्तकवाल्याची बाग वाळली आणि रतनबाईंचा हात लागलेलं तेवढं जगलं. बागेचं काम मग दुसऱ्या कुणाला मिळेल?"

सत्यशीलानं हातातल्या भेंड्या बाजूला ठेवल्या. "चौतीस वर्षं पुस्तकं सांभाळलीत, पण एवढी मोठी गोष्ट रचताना तुम्हाला पाहिलं नव्हतं. तिलाच विचारा ना सरळ."

"विचारल्यावर कोण खरं सांगतं?"

"तुम्ही विचारून तर बघा. बोलता येत नाही म्हणून संशय घ्यायचा, हे बरं आहे."

मला राग आला. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी कारभारी तात्या आले. कमिटीचे अध्यक्ष, मोठ्या आवाजाचा माणूस. फाटकातूनच बोलत आले.

"सर, पाच मिनिटं. बागेसाठी ती रतनबाई ठेवावी म्हणतोय. तुमच्याकडे असते ना कामाला? कशी आहे?"

"काम करते."

"काम करते ते दिसतं हो रस्त्यावरून. विश्वासाची आहे का? चावी द्यायची, खोली द्यायची. तुम्ही हो म्हणालात की मी शिक्का मारला."

मी चष्मा पुसायला काढला. रतनबाईंविरुद्ध बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं. हो म्हणायचंही ठरवलेलं नव्हतं. "तसं... खात्रीनं काही सांगता येत नाही, तात्या," मी म्हणालो.

तात्यांचा चेहरा बदलला. आवाज खाली आला. "काही झालंय का?"

"नाही, नाही. काही नाही."

"समजलो. तुम्ही कधी कुणाविषयी वाईट बोलत नाही, सर. तुमच्या तोंडून एवढं आलं म्हणजे काय ते समजलो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मी त्यांना परत बोलावू शकलो असतो. फाटकापाशी त्यांना गाडी चालू करायला वेळही लागला होता.

शुक्रवारी रतनबाई कामाला आल्या. झाडता झाडता सत्यशीलाला म्हणाल्या, "कमिटीनं दुसरा मानूस बघितला काकू. तात्या म्हनले, पुढं कवा काय आसलं तर सांगू."

"असं कसं? परवापर्यंत तर तुलाच ठेवणार होते."

"कुनीतरी काय सांगितलं आसंल." झाडू थांबला नाही. "बुधवारी टोळी निघायची. मुकादमाला व्हय म्हनून आल्यात आमचे मालक. मोनिकाला संगं न्यावं लागंल, वयात आलेली पोरगी हितं कुनापाशी ठिवायची? धाव्वीचं बघू म्होरल्या साली."

"कुनीतरी" म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या की नाही, हे मी वर्तमानपत्राच्या आडून ठरवू शकलो नाही. पण त्या संध्याकाळी वाफ्यात गेल्यावर, आपण बरोबर होतो याचा जो आनंद व्हायला हवा तो मला झाला नाही. मी उरलेल्या फांद्या उलटसुलट करून पाहिल्या. कुठं बोटांचे डाग, कुठं पावडर, कुठं काही. पुरावा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी कल्याण उसाला पाणी द्यायला आला आणि कुंपणावरून त्यानं माझा वाफा पाहिला. पंचविशीतला पोरगा, मोठ्यानं हसणारा. हसायलाच लागला.

"सर! टमाट्याला टू-फोर-डी मारलं काय तुमी?"

"काय मारलं?"

"तणनाशक वो. उसात मारतो आमी, गवत जाळायला. हे बघा ना, शेंडं कशी मान टाकून पिळलीत. आपल्या बापाच्यान् आता सरळ व्हत न्हाईत ती."

"मी निंबोळी अर्क मारला होता. तुझ्याच पंपानं."

कल्याणचं हसू अर्ध्यात थांबलं. "धुतला हुता ना?"

"विसळला. पाण्यानं."

"नुसत्या पान्यानं?" त्यानं कपाळावर हात मारला. "अवो सर, तुमी न्यायच्या आदल्याच दिवशी मी त्याच पंपानं उसाला तणनाशक मारलं हुतं. सोड्यानं दोन-तीनदा धुवून, रातभर पानी भरून ठिवावा लागतो. तरी भाजीला तो पंप आमी लावत न्हाई, भाजीचा येगळा आसतो, निळा. तुमी फोनवर म्हनला, पंप नेऊ का. मला वाटलं गवतावर मारायचं आसंल तुमाला. कशावर मारायचं ते तरी सांगायचं!"

कशावर मारायचं ते मी सांगितलं नव्हतं. आधी त्यात काय होतं तेही विचारलं नव्हतं. मोटारसायकलवरच्या माणसाचा वेळ कशाला घ्यायचा, असं त्यावेळी वाटलं होतं.

"पण मग लसूण कसा वाचला?" मी विचारलं. शेवटचा पुरावा सोडवत नव्हता.

"लसूण गवताच्या जातीसारखा, बारीक पानाचा. ह्यो गवती चहाबी तसाच, ऊसबी तसाच. ह्ये औषिध रुंद पानाला धरतं. म्हनून तर उसात मारता येतं की! तुमच्या कार्डावर न्हाई व्हय हे?"

मी घरात आलो आणि सत्यशीलाला सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "आज शनिवार आहे. टोळी बुधवारी जाणार."

तात्यांच्या घरी गेलो तेव्हा ते बाहेर झोपाळ्यावर होते. मी सांगायला लागलो आणि मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांबा. परवा तुम्ही म्हणालात, सांगता येत नाही. आज म्हणताय, बाई चांगली आहे. दोन दिवसांत काय झालं? रडली का तुमच्या दारात येऊन?"

"नाही. तिला तर काही माहीतच नाही."

"मग छगन येऊन काही बोलला? घाबरू नका, मी आहे."

"तात्या, चूक माझी होती."

"सर, तुम्ही भिडस्त माणूस. तुम्हाला कुणीही काहीही बोलायला लावू शकतं." तात्या खरंच काळजीनं बोलत होते. "उद्या सकाळी मीटिंग आहे मंदिरात. तुम्हाला बोलायचं असेल तर तिथं बोला, सगळ्यांसमोर. मी एकट्यानं फिरवला निर्णय तर उद्या मलाच विचारतील."

सभेत बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. ग्रंथालयाच्या कार्यक्रमातही मी आभाराची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती द्यायचो. रविवारी मंदिराच्या सतरंजीवर वीसेक माणसं होती. मी उभा राहिलो आणि पंप कुठून आणला, कसा विसळला, तीन भाज्यांचं काय झालं, खिडकीतून काय पाहिलं आणि तात्यांना काय म्हणालो, हे क्रमानं सांगितलं. पंपाचं सांगताना लोक हसले. एक जण म्हणाला, "राहुरीत राहून उसाचं औषध टमाट्याला? सर, हे तर पहिलीतलं पोरगंबी करायचं न्हाई." पुन्हा हसले. खिडकीचं सांगताना मात्र कुणी हसलं नाही. एका बाईंनी विचारलं, "मग ती पहाटे काय ओतत होती?"

"ते मला अजून माहीत नाही," मी म्हणालो.

कुजबुज झाली. तात्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकलं आणि सांगितलं की ज्या दुसऱ्या माणसाशी बोलणं चाललं होतं त्याला अजून शब्द दिलेला नाही. तेव्हा रतनबाईंना ठेवावं, पहिले दोन महिने काम बघावं. बहुतेकांनी हात वर केले. दोघांनी केले नाहीत. एवढं ऐकून घेतल्यावरही त्यांच्या मनात काहीतरी राहिलं होतं. ते मीच घातलेलं होतं.

मी तिथूनच शेजारच्या प्लॉटवर गेलो. पत्र्याच्या खोलीपुढं छगन एका पोत्याचं तोंड सुतळीनं आवळत होते. भांडी बांधून झाली होती. रतनबाई उठून उभ्या राहिल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"कमिटीनं तुम्हाला ठेवायचं ठरवलंय," मी म्हणालो. "खोलीसकट."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल अशी माझी समजूत होती. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"परवा न्हाई म्हनले. आज व्हय. मदी काय झालं?"

मग मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं. या खेपेला सगळ्यात जड गेलं. सांगून झाल्यावर विचारलं, "तुम्ही पहाटे काय घालत होता?"

"पानी," त्या म्हणाल्या. "दुसरं काय घालनार? रयवारीच वळखलं मी, उसाचं औषिध हाय म्हनून. पंधरा वर्सं उसात गेली आमची. वाटलं पानं धुतली तर वाचतील थोडीफार. बुडाची वरवरची मातीबी काढून टाकली. तुमी उठायच्या आत करत हुते. तुमी म्हनता ना, पानावर पानी घालायचं न्हाई म्हनून."

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? पयलं वाटलं, तुमी एवढं वाचता, काय नवीन आसंल त्यात. मंग वाटलं, सांगितलं आन् तुमी इचारलं, तुला कसं म्हाईत, तर?" त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "पडदा हलताना दिसायचा मला, सर. रोज."

छगननं सुतळी हातातच धरून ठेवली होती. ते म्हणाले, "जाऊ दे ना. सर सोता आल्यात सांगायला."

"तुमी गप ऱ्हावा वो." त्या माझ्याकडे वळल्या. "मुकादमाला न्हाई म्हनलं आन् उद्या कमिटी परत फिरली, तर आमी कुठलंच ऱ्हात न्हाई. तात्यांना फोन लावा. मला त्यांच्या तोंडून आइकायचंय."

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्या तो घेऊन खोलीच्या मागं गेल्या, मला ऐकू येणार नाही इतक्या लांब. त्यांची पाठ तेवढी दिसत होती. बराच वेळ त्या बोलत होत्या. मध्ये एकदा त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तोंड फिरवलं. तात्या माझ्याविषयी काय सांगत असतील, असं मनात आलं आणि मी तो विचार बाजूला सारला.

त्या परत आल्या आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"एक तारखेपासनं या म्हनले. चावी आज सांच्याला देत्यात."

"बरं झालं," मी म्हणालो. "मग आमच्याकडे, मंगळवारी..."

"तुमच्याकडं न्हाई येत आता. काकूंना सांगते मी येऊन. पन वाफ्यात पाय ठिवायची न्हाई. उद्या परत काय वाळलं म्हंजी?"

मी मान हलवली.

"टमाटी उपटून टाका, भेंडीबी," त्या म्हणाल्या. "शेनखतात घालू नका ती. कांद्याची रोपं लावा त्या जागी, कांदा यील."

मग त्या छगनकडे वळल्या. "मुकादमाला फोन करा. आन् पोतं सोडा."

"नक्की का?" छगननं माझ्याकडे बघत विचारलं.

"नक्की," त्या म्हणाल्या. "तात्या म्हनलेत."